मुंबईजवळ पहिली छोटी सी-कयाकिंग ट्रिप: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कयाक म्हणजे पॅडल मारत चालवायची अरुंद, छोटी होडी. खाली जे लिहिलंय ते मुंबई आणि आसपासच्या खाड्या, आडोशाचे किनारे एवढ्यापुरतंच आहे. मालवण, गोवा, केरळची गणितं वेगळी, तिकडचं तिकडच्या माणसांना विचारा. आणि हे वाचून एकट्यानं पाण्यात उतरायचं नाहीये, पहिल्या वेळी सोबत शिकलेला माणूस हवाच हवा, ते गृहीत धरूनच पुढचं सगळं आहे.

छोटी ट्रिप म्हणजे नेमकी किती?

पाण्यावर दोन ते तीन तास, बस. नवीन माणूस शांत पाण्यात तासाला तीन-चार किलोमीटर जातो, पण हा वेग पहिल्या तासाचा असतो, दुसऱ्या तासात खांदे बोलायला लागतात. म्हणजे जाऊन-येऊन सहा-सात किलोमीटर ही चांगली मोठी ट्रिप झाली. मॅपवर बोटानं मोजलं की हे अंतर फारच कमी वाटतं आणि मग लोक म्हणतात अरे पलीकडचं गाव तर इथेच आहे, जाऊन येऊ. रस्त्यावरचे सात किलोमीटर आणि पाण्यावरचे सात किलोमीटर यांचा काहीही संबंध नाही हो.

कुठल्या महिन्यात जायचं?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. मार्च-एप्रिल चालतं पण ऊन त्रास देतं, मेमध्ये समुद्र खवळायला लागतो. जून ते सप्टेंबर विषयच नको. यांत्रिक बोटींना १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी असते, गेटवे-मांडवा बोटीसुद्धा पावसाळ्यात बंद ठेवतात, जिथे पिढ्यानपिढ्या समुद्रावर जगणारे कोळी नारळी पौर्णिमेपर्यंत थांबतात तिथे आपण प्लास्टिकची कयाक घेऊन जायचं काही कारण नाही. नारळी पौर्णिमेनंतरही लगेच धावू नका, ऑक्टोबरमधे दुपारनंतर गडगडाटी पाऊस अचानक येतो, तो महिना जरा जाऊ दे.

तारीख कशी ठरवायची? आम्हाला तर रविवारच जमतो.

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे आणि सगळ्यात शेवटी विचारला जातो. लोक आधी ग्रुप बनवतात, मग सगळ्यांना जमणारा रविवार काढतात, मग गाडी बुक करतात, आणि शुक्रवारी रात्री कोणीतरी विचारतं की अरे भरती किती वाजता आहे. हे उलटं करा. आधी कॅलेंडरवरची तिथी बघा, मग माणसं जमवा.

असं का ते सांगतो. मुंबईत दिवसातून साधारण दोन भरत्या, दोन ओहोट्या असतात आणि वेळ रोज पाऊण तास, पन्नास मिनिटं पुढे सरकते. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या वर जातो, पाणी खूप चढतं, खूप उतरतं आणि तेवढ्याच जोरात वाहतं. अष्टमीनंतरच्या एक-दोन दिवसांत भांग असते, तेव्हा हाच फरक दीड-दोन मीटरवर येतो आणि प्रवाह मवाळ असतो. नवीन माणसांना भांगेचेच दिवस हवेत.

आता गंमत बघा. कोकणात जुना हिशोब आहे, तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ अंदाजे मिळते. अष्टमीला सहा वाजता, दशमीला साडेसात, एकादशीला सव्वाआठ, द्वादशीला नऊ. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशोब तोच. म्हणजे मुंबईत ज्या दिवसांत प्रवाह कमी असतो त्याच दिवसांत सकाळी-सकाळी पूर्ण भरती असते, आणि सकाळीच वारा कमी असतो! तिन्ही गोष्टी एकाच वेळी आपल्या बाजूनं. डिसेंबर-जानेवारीत सूर्य सातनंतर उगवतो तर एकादशी-द्वादशी धरा, एप्रिलमध्ये साडेसहाच्या आधीच उजेड होतो तर नवमी-दशमी चालते. महिन्यातून असे दोन मोके मिळतात, त्यातला एखादा बऱ्याचदा शनिवार-रविवारी पडतो, नाही पडला तर महिनाभर थांबा पण पौर्णिमेच्या रविवारी जाऊ नका.

पाऊणपटीचा हिशोब हा घरात बसून तारीख निवडायला. नक्की वेळ आणि पाण्याची उंची मात्र भरतीच्या तक्त्यातूनच घ्यायची. मुंबईचा तक्ता अपोलो बंदरचा असतो, खाडीत आत गेलं की भरती थोडी उशिरा पोचते हेही लक्षात ठेवा.

तारीख ठरली, आता किती वाजता उतरायचं?

खाडीत जाणार असाल तर पूर्ण भरतीच्या साधारण दीड-दोन तास आधी, तेव्हा अंधार असेल तर उजेड झाल्यावर, उतरा, चढत्या पाण्याबरोबर आत जा, पाणी थांबलं की थोडं खा-प्या, आणि उतरत्या पाण्याबरोबर परत या. दोन्ही वेळा प्रवाह तुम्हाला नेतो. भरतीनंतर दोन तासांच्या आत कयाक किनाऱ्यावर लागलेली असली पाहिजे.

दोन तासच का, तर पाणी सहा तास एकसारखं उतरत नाही. एकूण उताराचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एक भाग उतरतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या आणि चौथ्यात तीन-तीन, मग दोन, मग एक. म्हणजे मधल्या दोन तासांत अर्धं पाणी निघून जातं. उधाणाच्या दिवशी चार मीटरचा फरक असेल तर त्या दोन तासांत दोन मीटर पाणी गायब, आणि तेव्हाच प्रवाह सगळ्यात जोराचा असतो. नवीन माणसाचा वेग साधारण दोन नॉट, म्हणजे वर सांगितलेले तासाला तीन-चार किलोमीटर, खाडीच्या अरुंद भागात उधाणाचा प्रवाह तेवढा किंवा जास्तही असू शकतो, मग तुम्ही पॅडल मारत राहता आणि बाजूचं तिवराचं झाड तिथल्या तिथेच.

आणि उशीर झाला तर चिखल. आपल्या खाड्यांमधला चिखल गुडघ्यापर्यंत, कधी मांडीपर्यंत ओढतो, त्यात कयाक खेचत शंभर मीटर जाणंसुद्धा अवघड असतं. तसे अडकलातच तर कयाक सोडून चालत निघायचं नाही. कयाकमध्येच बसून राहा, डोकं झाका, फोन करून सांगा आणि पाणी परत चढायची वाट बघा. कंटाळवाणं आहे पण सुरक्षित आहे.

संध्याकाळी सनसेट बघायला गेलं तर?

पहिल्या ट्रिपला नको, प्लीज. शाळेत भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे शिकलेलो ना, ते इथे अगदी पुस्तकात आहे तसं चालतं. रात्री जमीन थंड होते, पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, हळू असतो. मग ऊन चढतं, जमीन तापते, अकरा-बारानंतर समुद्राकडून वायव्येचा वारा सुटतो आणि दुपारी तीन-चारला तो जोरात असतो. त्या वेळी पाण्यावर सगळीकडे फेसाळ लाटा दिसतात. नवीन माणसासाठी दहा नॉट म्हणजे हद्द झाली, त्याच्या वर वारा सांगितला असेल तर उतरायचं नाही. संध्याकाळी वारा पडेल या आशेवर निघालात आणि नाही पडला तर वर अंधारही होतो.

सकाळच्या मतलई वाऱ्याबद्दल मात्र एक गोष्ट नीट समजून घ्या कारण ती दिसत नाही. किनारा पश्चिमेला तोंड करून असेल, म्हणजे आवास, किहीम वगैरे, तर सकाळचा वारा तुम्हाला किनाऱ्यापासून लांब ढकलतो. किनाऱ्याजवळ झाडांचा आडोसा असल्यामुळे पाणी काचेसारखं शांत असतं, माणूस मजेत पुढे-पुढे जातो, दोनशे-तीनशे मीटर बाहेर गेल्यावर वारा लागायला लागतो आणि परत फिरलं की कळतं अरे हे तर चढ आहे. म्हणून अशा किनाऱ्यावर कायम काठ धरून जायचं, इतकं जवळ की मनात आलं तर पाच मिनिटांत उतरता येईल. आणि सुरुवात नेहमी वाऱ्याच्या विरुद्ध दिशेनं करा, दमल्यावर वारा पाठीवर हवा.

तिसरी भानगड खाडीच्या तोंडाशी. ओहोटीचं पाणी बाहेर जातंय आणि समुद्राचा वारा आत येतोय, दोघं समोरासमोर आले की तिथे छोट्या पण उभ्या, जवळजवळ असलेल्या लाटा उठतात. सकाळी आठची भरती धरली तर हे बरोबर दुपारी बाराच्या सुमारास होतं. साडेदहापर्यंत परत आलात तर हा प्रसंगच येत नाही.

कुठे जायचं ते सांगा ना सरळ.

सांगतो, पण प्रत्येक ठिकाणी आधी एकदा कयाक न घेता जाऊन या, आणि ओहोटीच्या वेळी जा. पाणी नसताना तळ दिसतो. खडक कुठे, चिखल कुठे, जाळ्यांचे खांब कुठे, कयाक कुठून उतरवता येईल, सगळं दिसतं. भरतीला सगळीकडे सारखंच पाणी दिसतं आणि काही कळत नाही.

मनोरी-गोराईची खाडी. मुंबईच्या हद्दीत राहून खरा आडोसा इथे मिळतो. खाडी वळत-वळत आत जाते, दोन्ही बाजूंना कांदळवन, लांबून विपश्यना पॅगोडाचा सोनेरी घुमट दिसत राहतो त्यामुळे दिशा चुकत नाही. मार्वे-मनोरी फेरीची लाईन तोंडाशीच आहे, ती ओलांडायची असेल तर फेरी लागलेली असताना, सगळ्यांनी एकत्र, सरळ आडवं ओलांडायचं, मधे थांबून फोटो नाही. त्याहून चांगलं म्हणजे आतल्या बाजूनंच उतरा आणि तोंडाकडे जाऊच नका. मार्वेला नौदलाचं ठाणं आहे, तिकडे वळायचं नाही. आणि खाडीच्या बाहेर अक्साच्या बाजूला तर अजिबातच नाही, तो किनारा ओढणाऱ्या पाण्यासाठी बदनाम आहे.

मांडवा, सासवणे, आवास. कयाक गाडीच्या टपावर बांधून भाऊच्या धक्क्यावरून रो-रोनं, म्हणजे गाड्या नेणाऱ्या बोटीनं, नेता येते, २०२० पासून ही सोय झाल्यामुळे रस्त्यानं वळसा घालून जायची गरज उरली नाही. मांडवा जेटीपासून मात्र लांब उतरा, तिथे बोटींची ये-जा सतत असते. किनारा धरून सासवणे-आवासच्या दिशेनं जायचं आणि परत यायचं, पाणी खाडीपेक्षा स्वच्छ, उतरायला वाळू मिळते, मधे-मधे खडक आहेत. हे मात्र उघड्या बाजूचं पाणी आहे, वायव्येचा वारा थेट लागतो, म्हणून खाडीत एक-दोनदा हात बसल्यावरच इथे या. खांदेरी-उंदेरी ही बेटं समोर दिसतात म्हणून मोह होतो, तो पहिल्या वर्षात आवरा.

ठाण्याची खाडी. फ्लेमिंगोंमुळे सगळ्यांना हवी असते. २०१५ पासून तिथे फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ मध्ये खाडीला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळालाय, वनखात्याच्या परवानगीशिवाय आपली होडी घेऊन जाता येत नाही. तिथे ओहोटीला मैलभर चिखल उघडा पडतो आणि पक्षी त्या चिखलावरच खायला येतात, म्हणजे ज्या वेळी पक्षी असतात त्या वेळी तुम्ही अडकणार. ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रातून बोटफेरी असते, पक्षी बघायला तीच घ्या. थव्याच्या जवळ कयाक नेऊन त्यांना उडवणं म्हणजे त्यांचं खाणं तोडणं, लांबचा पल्ला उडायला चरबी साठवायला आलेले असतात ते.

गेटवेवरून एलिफंटाला कयाकनं जाता येईल का? दहा किलोमीटरच तर आहे.

नाही. हा आडोशाचा रस्ता नाहीच. मधे मोठ्या जहाजांचा मार्ग आहे, जेएनपीएला, म्हणजे न्हावाशेवाच्या बंदराला, जाणारी कंटेनर जहाजं, जवाहर द्वीपवर लागणारे तेलाचे टँकर, नौदलाच्या बोटी, प्रवासी लाँच. मोठं जहाज तुम्हाला बघून थांबू शकत नाही, जहाज जिथून चालवतात त्या वरच्या खोलीतून नाकासमोरची कयाक दिसतही नाही. १८ डिसेंबर २०२४ ला याच पाण्यात नौदलाची स्पीडबोट आणि 'नीलकमल' ही एलिफंटाला जाणारी प्रवासी बोट यांची टक्कर झाली आणि कितीतरी माणसं गेली, एवढी मोठी लाँच तिथे सुरक्षित राहिली नाही. एलिफंटाला लाँचनं जा, लेणी बघा, सुंदर दिवस जातो. जवाहर द्वीप, तुर्भ्याची (ट्रॉम्बेची) बीएआरसीची, म्हणजे भाभा अणुसंशोधन केंद्राची, बाजू, नौदलाची गोदी, यांच्या आसपास फिरकणंही बंद, फोटोही नाही.

परवानगी लागते का? आपलीच कयाक, आपलाच समुद्र.

विचारून घ्या, नेहमी. मुंबई बंदराची हद्द मुंबई पोर्टकडे, बाहेरची छोटी बंदरं आणि खाड्या महाराष्ट्र सागरी मंडळाकडे. मंडळाच्या बंदर निरीक्षकाच्या कार्यालयात जाऊन अमुक ठिकाणी, अमुक दिवशी, इतके जण असं विचारा, आणि जवळच्या सागरी पोलिसांना कळवा. २००८ च्या हल्ल्यातले दहशतवादी कफ परेडच्या मच्छीमार वस्तीत हवेच्या रबरी होडीतूनच उतरले होते, त्यामुळे सकाळच्या अंधारात अनोळखी माणसं छोट्या होड्या पाण्यात ढकलताना दिसली की गावकरी फोन करणारच, त्यांनी करायलाच हवा. ओळखपत्र जवळ ठेवा. भाड्यानं कयाक देणाऱ्याकडून जात असाल तर त्याचा परवाना बघायला मागा, गाईडनं कुठे ट्रेनिंग घेतलंय ते विचारा, गोव्याला केंद्र सरकारची राष्ट्रीय जलक्रीडा संस्था आहे तिथून शिकलेली माणसं असतात. आणि तो जर म्हणाला की लाइफ जॅकेट मागाल तरच देतो, तर तिथूनच परत फिरा.

पोहता येत नाही, चालेल का?

समुद्रात नाही चालणार. जॅकेट तरंगवेल हे खरंय, पण पोहता न येणारा माणूस पाण्यात पडला की घाबरतो आणि घाबरलेल्या माणसाला परत कयाकवर चढवणं फार कठीण. पन्नास मीटर पोहणं आणि दहा मिनिटं तरंगत राहणं एवढं जमलं पाहिजे. आधी ते शिका, कयाक कुठे पळत नाही.

कुठली कयाक घ्यायची?

पहिल्या वेळी विकत घेऊच नका, भाड्यानं. दोन मुख्य प्रकार: सिट-ऑन-टॉप म्हणजे वर उघड्यावर बसायची, आणि सिट-इन म्हणजे पाय आत घालून बसायची. आपल्या हवेत आणि नवीन माणसाला सिट-ऑन-टॉप बरी, उलटली तरी तिच्यात पाणी भरत नाही, सरळ करून वर चढता येतं. वाऱ्यात जरा भरकटते, हळू जाते, ते चालवून घ्या. लांब सिट-इन सी-कयाक सुंदर चालते पण ती उलटल्यावर बाहेर यायचा, पाणी उपसायचा सराव लागतो. ऑनलाइन स्वस्तात मिळणाऱ्या फुगवायच्या कयाक तलावाला ठीक, आपल्या खडकांवर कालवं, म्हणजे चिकटलेले शिंपले, असतात, ब्लेडसारखे धारदार, एक घासली की संपलं.

लाइफ जॅकेट कसं बघायचं?

घालून, सगळे पट्टे आवळून, मित्राला दोन्ही खांद्यांपासून वर ओढायला सांगा. नाका-कानापर्यंत वर आलं तर ते सैल आहे, दुसरं घ्या. शिट्टी लावलेली हवी. गरम होतं म्हणून पुढची चेन उघडी ठेवणं किंवा कयाकच्या मागे बांधून ठेवणं याला काही अर्थ नाही, पाण्यात पडल्यावर ते घालता येत नाही.

उलटली तर काय?

पहिलं, कयाक सोडू नका. ती मोठी असते, रंगीत असते, तरंगते. पोहत किनाऱ्याकडे निघायचं नाही, किनारा नेहमी वाटतो त्यापेक्षा लांब असतो. एक हात कयाकवर, दुसऱ्यात पॅडल. सिट-ऑन-टॉप असेल तर पलीकडची कड धरून आपल्याकडे ओढून सरळ करायची, मग मधोमध येऊन पाय मागे पाण्यात हलवत पोटावर वर सरकायचं, आडवं पडायचं, वळून बसायचं. शेजारच्यानं त्याची कयाक बाजूला लावून धरली तर खूपच सोपं जातं. हे वाचून कळत नाही, हात-पाय लावूनच कळतं, म्हणून उतरल्या-उतरल्या कमरेएवढ्या पाण्यात प्रत्येकानं एकदा मुद्दाम उलटून परत चढून दाखवायचं आणि ज्याला जमलं नाही त्यानं त्या दिवशी खोल पाण्यात जायचं नाही. ग्रुपमध्ये यावरून कोणी नाराज झालं तरी चालेल.

आपल्याकडे पाणी थंड नसतं, चोवीस ते तीस डिग्रीच्या आसपास, त्यामुळे परदेशी व्हिडिओंमध्ये थंडीनं गारठण्याबद्दल जे सांगतात ते आपल्याला फारसं लागू नाही. आपला शत्रू ऊन आणि थकवा.

कोळ्यांच्या जाळ्यांचं काय? मधे आली तर?

जाळी आपल्या मधे येत नाहीत, आपण त्यांच्या मधे येतो. खाडीच्या तोंडाशी आणि बाहेर डोल जाळी लावलेली असतात, मोठ्या पिशवीसारखी, प्रवाहाकडे तोंड करून खांबांना किंवा नांगरांना बांधलेली. प्रवाह पाणी आणि मासळी त्यात ढकलतो, तसा तुम्हालाही ढकलेल. म्हणून खांबांची रांग किंवा तरंगणारे बोये दिसले की प्रवाहाच्या वरच्या अंगानं, म्हणजे पाणी जिकडून येतं त्या बाजूनं, कधीच जायचं नाही, खूप लांबून, खालच्या अंगानं वळसा घ्यायचा. जाळ्याला हात लावायचा नाही, बोया धरून आराम करायचा नाही, त्यावर कोणाचं तरी घर चालतं.

आदल्या संध्याकाळी कोळीवाड्यात जाऊन एखाद्या नाखव्याला, म्हणजे होडीच्या मुख्य माणसाला, भेटा. "नाखवा, उद्या सकाळी आम्ही चार होड्या घेऊन आत जाणार, जाळी कुठे लागलीत?" एवढं विचारलं की माणसं खूप काही सांगतात, कुठे खडक आहे, कुठे पाणी ओढतं, कुठून उतरा. त्यातल्या कोणाला मोबदला देऊन त्यांची होडी सोबत घेता आली तर याहून चांगला बंदोबस्त नाही. आणि त्यांनी "उद्या नको जाऊ" म्हटलं तर जायचं नाही, ॲप काहीही म्हणो.

कपडे, चपला?

पूर्ण बाह्यांचा पातळ, लगेच सुकणारा टीशर्ट, जीन्स नको, कॉटन नको. टोपीला दोरी. सनस्क्रीन मानेला आणि पावलांच्या वरच्या बाजूला, तिथे सगळे विसरतात. पायात मागून पट्टा असलेले सँडल किंवा जुने बूट, स्लिपर चिखलात राहतात आणि अनवाणी पाय कालवांवर फाटतो. दुसरं कारण पाकट, शेपटीला विषारी काटा असलेला चपटा मासा. २०१३ च्या गणपती विसर्जनाला गिरगाव चौपाटीवर कितीतरी लोकांना पाकटांनी डंख मारला होता. उथळ पाण्यात पाय उचलून टाकू नका, घासत-घासत चाला, पाकट बाजूला होते. डंख लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवा, वेदना कमी होते, आणि डॉक्टरकडे जा.

खायला-प्यायला?

माणशी किमान दोन लिटर पाणी, एप्रिल असेल तर तीन. एक बाटली मीठ-साखर-लिंबू किंवा कोकम सरबत. बाटल्या दोरीनं बांधा. खायला खजूर, चिक्की, दशमी, हातात धरून खाता येईल असं. सकाळी निघताना पोट रिकामं ठेवू नका, दोन केळी तरी खा. कचरा परत आणायचा, हे सांगावं लागू नये पण लागतं.

फोन चालतो ना? गार्मिनचं जीपीएस यंत्र वगैरे लागतं का?

या पाण्यात बहुतेक ठिकाणी रेंज येते. वॉटरप्रूफ पाऊच, तो गळ्यात किंवा जॅकेटला, बॅगेत खाली नाही, कारण उलटल्यावर बॅग एकीकडे आणि तुम्ही एकीकडे. तटरक्षक दलाचा नंबर १५५४, सगळीकडचा ११२, दोन्ही सेव्ह करा. ओल्या बोटांनी टचस्क्रीन चालत नाही म्हणून आवाजानं किंवा बटणानं इमर्जन्सी कॉल कसा लागतो ते घरीच करून बघा. आणि फोन बंद पडला तर शिट्टी, तीनदा.

किती जण असावेत?

तीनपेक्षा कमी नको, सहा-सातपेक्षा जास्त नको. पुढे एक अनुभवी, मागे एक अनुभवी, सगळ्यात हळू माणूस पुढच्याच्या लगेच मागे. ग्रुपचा वेग म्हणजे त्याचा वेग. हाक मारली की ऐकू जाईल एवढ्यात सगळे.

मुलांना नेऊ का?

दहा-बारा वर्षांचं, पोहता येणारं, त्याच्या मापाचं जॅकेट असलेलं मूल मोठ्या माणसासोबत डबल कयाकमध्ये, खाडीत, तासभर. त्याहून लहान असेल तर किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात खेळू दे, त्यांना तेवढंच पुरतं.

खाडीचं पाणी घाण असतं ना?

असतं, शहरातलं सांडपाणी त्यातच येतं. तोंडात जाऊ देऊ नका, अंगावर उघडी जखम असेल तर त्या दिवशी जाऊ नका, परत आल्यावर गोड्या पाण्यानं नीट अंघोळ, कयाक आणि सामानही धुवा. माहीमच्या खाडीत मिठी नदी येते, तिथे तर उतरूच नका. वाईट वाटतं हे लिहिताना. इतक्या चांगल्या पाण्याची ही अवस्था आपणच केलीये.

बायकांसाठी कपडे बदलायची, वॉशरूमची सोय?

बहुतेक ठिकाणी नाही. मनोरी, आवासच्या बाजूला एखाद्या घरगुती खानावळीत किंवा होमस्टेमध्ये आधीच नाश्ता-जेवण सांगून ठेवा आणि तिथलीच खोली-बाथरूम वापरायचं विचारून घ्या, मावशी-ताई नाही म्हणत नाहीत आणि परत आल्यावर गरम जेवणही मिळतं. लघवीला लागेल म्हणून पाणी कमी प्यायचं हे अनेक जणी करतात, ते कृपया करू नका, उन्हात चक्कर येते. ट्रिप तीन तासांतच ठेवायचं हेही एक कारण आहे.

सगळं ठरलंय, पैसे भरलेत, आणि सकाळी वारा आहे. मग?

मग किनाऱ्यावर बसून पोहे खायचे आणि घरी जायचं. आदल्या रात्री इन्कॉइसचा (समुद्राची माहिती देणारी केंद्र सरकारची संस्था) लाटांचा इशारा आणि हवामान खात्याची मच्छीमारांसाठीची सूचना बघा, सकाळी परत बघा, मग पाण्याकडे बघा. फेसाळ लाटा दिसत असतील, झाडांचे शेंडे हलत असतील, कोळ्यांच्या होड्या बाहेर गेलेल्या नसतील तर रद्द. यावर मतदान घ्यायचं नाही, कारण मत जायच्याच बाजूनं पडतं, लांबून आलेलो असतो ना आपण. जो पुढे असणार त्या एका माणसानं ठरवायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं, हे ग्रुपवर आधीच कबूल करून घ्या. भाड्यानं देणाऱ्याशीही हवामानामुळे रद्द झालं तर पैशांचं काय, हे बुकिंगच्या वेळीच बोलून ठेवा.

घरी काय सांगून निघायचं?

"समुद्रावर जातोय" एवढं पुरत नाही. पाण्यात नसणाऱ्या एका जबाबदार माणसाला आदल्या रात्री मेसेज टाका, साधारण असा: "उद्या सकाळी ७ ला मनोरीला आतल्या बाजूनं उतरणार, गोराईच्या दिशेनं खाडीतच, पाच जण, चार कयाक, दोन लाल, दोन पिवळ्या. १०.३० पर्यंत बाहेर. ११ पर्यंत फोन आला नाही तर आधी आम्हा सगळ्यांना फोन कर, नंबर खाली देतोय, ११.३० ला १५५४ आणि ११२." गाडी कुठे लावलीये तेही लिहा. आणि बाहेर आलात की कयाक धुवायच्या, फोटो टाकायच्या आधी त्या माणसाला फोन करा, नाहीतर तो साडेअकराला तटरक्षक दलाला बोलावेल आणि ते बरोबरच करेल.